नाही म्हणायची तालीम

आमच्या जिन्यावर एक बातमी कायमची मुक्कामाला आहे: आत्या शिष्ट आहे, कुणी कितीही बोलावलं तरी जात नाही. साफ खोटं! बोलावणं आलं की आत्या मनातून अर्धी तिथे पोचलेलीच असते. फक्त जमणार नसलं की तिला सरळ नाही म्हणता येत नाही. आपल्यात ते लागतही नाही म्हणा. "बघते हं, जमलं तर येते," म्हटलं की समोरची ओळखते, बाई काही येत नाही. ती ताट मांडत नाही, ही ओशाळत नाही, सगळं गोड.

आत्या कवळ्या बनवायच्या लॅबमध्ये आहे. मेणात दात बसवण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. तिथल्या नव्या मॅडम परदेशी. त्यांनी जेवायला बोलावलं तेव्हा आत्याने तेच गोड उत्तर इंग्रजीत दिलं, "आय विल ट्राय." मॅडमनी ताट मांडलं. सूप तीनदा गरम केलं. सोमवारी एवढंच म्हणाल्या, "वुई वेटेड."

झालं! आत्याची झोप उडाली. त्या आठवड्यात तिने कुठल्याशा आजोबांच्या कवळीत दोन्ही सुळे एकाच बाजूला बसवले.

आणि पुढच्या मंगळवारी दुसरं बोलावणं आलं, शनिवारचं. नेमक्या त्याच संध्याकाळी धाकटी आत्या सहा वर्षांनी येणार होती, आणि रविवारी पहाटे तिचं परतीचं विमान.

"गेले तर बहीण भेटत नाही," आत्या ओटा पुसत म्हणाली, "नाही गेले तर ही बाई मला पुन्हा कधी हाक मारायची नाही." पुसलेला ओटा तिने परत पुसला.

"डोकं दुखतंय सांग," बाबा पेपरामागून म्हणाले.

"दादा, आज मंगळवार. शनिवारी दुखणार हे मला आजच कसं कळलं?"

मग तालीम सुरू झाली. मी मान तिरकी केली, आवाज नाकात नेला आणि मॅडम झाले. "यू मस्ट कम, डिअर!"

"येस, येस!"

"आत्या! नाही म्हणायचंय!"

"अगं, पण ती एवढ्या प्रेमाने बोलावतेय!"

"ती मी आहे."

"मग तू एवढ्या प्रेमाने बोलावू नकोस ना, मेले!"

सात वेळा झालं, सातही वेळा येस. मी म्हटलं, "लाव पैज. मॅडमसमोर एका मिनिटात हो म्हणशील."

आत्या भडकली. "म्हटलं तर माझं घड्याळ तुझं. नाही म्हटलं, तर आठवडाभर कुणाची नक्कल करायची नाहीस."

बुधवारी मॅडमच्या काचेच्या केबिनसमोरून ती चार वेळा गेली. हात साच्याच्या प्लॅस्टरने पांढरे. पाचव्यांदा मॅडमच बाहेर आल्या. "सो, सॅटर्डे?"

'येस' अगदी दातांपर्यंत आलं होतं. आत्याने ते गिळलं.

"थँक यू फॉर आस्किंग मी. बट आय कान्ट कम. माय सिस्टर इज कमिंग. आफ्टर सिक्स इयर्स, ओन्ली वन इव्हनिंग."

आणि मग तालमीत नसलेलं सगळं भडाभडा बाहेर पडलं. "लास्ट टाइम आय वॉज अफ्रेड टु से नो. सॉरी. यू प्लीज कम टु माय हाऊस. सन्डे!"

मॅडमनी खिशातलं पेन काढून तळहातावरच लिहायला घेतलं. "आय वुड लव्ह टु. व्हॉट टाइम?"

रविवारी मॅडम आल्या. काय तो आवाज! हसताना आधी शिट्टी वाजायची, मग हसू यायचं. प्रत्येक घासाला भुवया कपाळाच्या टोकाला. माझी जीभ नुसती वळवळत होती. आत्या माझ्याकडे बघून गालात हसत वाढत होती, आणि पैजेच्या आठवड्याचे अजून तीन दिवस शिल्लक होते.