काडीपैलवान

माझ्या लेकीला अरबी शिकवायला जे उस्ताद घरी यायचे, त्यांना आमच्या घरात काडीपैलवान म्हणत. नाव ठेवलं नवऱ्याने, पण वापरलं सगळ्यांत जास्त मी. सहा फूट उंची, आणि अंगावर मांस औषधालाही नाही. मूळचे सुदानचे, पण आयुष्याची बरीच वर्षं शारजात गेलेली. पांढऱ्या पायघोळ अरबी कंदुऱ्यात आमच्या अल मजाजच्या फ्लॅटच्या दारात उभे राहिले की हँगरसकट कपडाच चालत आलाय असं वाटे. भारतीय शाळांतल्या मुलांना अरबी सक्तीचं, त्यामुळे उस्तादांना शाळेतल्या नोकरीखेरीज शिकवण्या भरपूर, आणि त्यातून त्यांनी हिंदीही उचललेली. बेल वाजली की मी आतून ओरडायचे, "अगं, काडीपैलवान आले, पुस्तकं काढ." लेक दबक्या आवाजात म्हणायची, "मम्मा, ही कॅन हिअर यू." मी म्हणायचे, त्यांना कुठे मराठी कळतंय.

मी शारजाच्याच रोल्ला भागातल्या एका खाजगी क्लिनिकमध्ये फिजिशियन होते. उस्तादांना ब्लडप्रेशर होतं आणि गोळ्या माझ्याच चालू होत्या. दोन हजार सालानंतरची गोष्ट. एकदा ते पाय सुजतात म्हणून आले. दिवसभर फळ्यापुढे उभं राहणाऱ्याचे पाय सुजायचेच, हे मी तपासण्याआधीच ठरवून टाकलं. तरी रक्त काढलं. मूत्रपिंड किती काम करतं ते मोजायचं एक अमेरिकन सूत्र तेव्हा नवंनवं आलं होतं आणि आमच्या लॅबच्या कॉम्प्युटरमध्ये बसवलं होतं. स्नायूंतून रक्तात येणारं आणि किडनीने बाहेर टाकायचं क्रिएटिनिन, वय, स्त्री की पुरुष, एवढं भरलं की कॉम्प्युटर विचारायचा, पेशंट काळ्या वंशाचा आहे का? हो म्हटलं की मूत्रपिंडाच्या कामाचा आकडा सुमारे पंचमांशाने वाढवून द्यायचा. कारण असं सांगितलं जायचं की या लोकांचे स्नायू भरदार, म्हणून रक्तात क्रिएटिनिन मुळातच जास्त, त्याला घाबरायचं नाही.

मी लॅबमध्ये 'हो' दाबायला सांगितलं. बावन्नचे त्रेसष्ट झाले. साठच्या खाली असते तर मी त्यांची लघवी नीट तपासून घेतली असती, किडनीच्या डॉक्टरकडे पाठवलं असतं. साठच्या वर, म्हणजे खलास, विषय संपला.

समजावताना मी जरा ज्ञानही पाजळलं. म्हटलं, "तुम लोगों का नॉर्मल थोडा अलग होता है, उस्ताद."

"हम लोग कौन?"

"आफ्रिकन."

"मैं अरब है, दॉक्तोरा." मग त्यांनी बाही वर सारली, डाव्या मनगटाभोवती उजव्या हाताचा अंगठा आणि करंगळी आरामात जुळवली आणि विचारलं, "ये मसल?"

आम्ही दोघंही हसलो. मी जरा जास्तच हसले.

माझा नवरा त्यांच्यापेक्षा अर्धा-पाऊण छटा काळाच असेल. त्याचं रक्त त्याच कॉम्प्युटरवर गेलं तेव्हा 'नाही' सांगताना माझी जीभ अडखळली नव्हती. आणि मला स्वतःला लग्नाआधी 'मुलगी रंगाने दबलेली' म्हणून नकार आलेले होते. रंगावरून माणसाचा हिशेब करणाऱ्यांना मी मनातल्या मनात काय काय बोलले होते, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुढची काही वर्षं उस्तादांचं रक्त अधूनमधून तपासलं. आकडा घसरत होता, पण वाढवून घेतलेला असल्याने साठच्या आसपास घुटमळायचा, आणि मी पुढच्या वेळी बघू म्हणायचे. मग एका उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर उस्ताद सुदानहून परतले ते अंगभर खाज आणि मळमळ घेऊनच. आमच्याकडचे पोहे त्यांना आवडायचे. त्या दिवशी बशी तशीच राहिली. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या आकसलेल्या दिसल्या.

हॉस्पिटलमधल्या किडनीच्या डॉक्टरांना मी खोदून खोदून विचारलं. आधी आले असते तर डायलिसिस काही वर्षं लांबवता आलं असतं, हे त्यांनी मान्य केलं, पण लगेच म्हणाले की आकडा बघता तुमचं बरोबरच होतं. नवराही म्हणाला, तू पुस्तकाप्रमाणे केलंस. सगळ्यांनी मला निर्दोष सोडलं, आणि त्यानेच मला जास्त अपराधी वाटत राहिलं. पुस्तकाला दिसत नव्हतं, मला दिसत होतं. मी तर त्या माणसाला दर आठवड्याला काडी म्हणत होते.

मग मी क्लिनिकमधल्या आफ्रिकन पेशंटांचे जुने रिपोर्ट काढून न वाढवता परत बघितले. सोमाली व्यापारी, सुदानी ड्रायव्हर, हमरिया फ्री झोनमधले नायजेरियन कामगार. फोन लावले तर बरेच देश सोडून गेलेले. जे आले त्यांच्यातल्या काहींच्या लघवीत प्रोटीन सापडलं. एक जण मात्र खरोखरीचा पैलवान निघाला, रोज वजनं उचलणारा. त्याला मी उगीच घाबरवलं आणि तो चिडून गेला, त्याचंही चुकलं नाही. लॅबचा केरळी टेक्निशियन विचारायचा, "मॅडम, ये तो आफ्रिकन है, यस दबाऊँ?" मी सांगायचे, आधी दंड बघ. याला प्रायश्चित्त म्हणवत नाही. उस्तादांना त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या मशीनवर झोपणाऱ्याला शाळा किती दिवस ठेवणार? नोकरी गेली, तिच्यामागून व्हिसा. खार्तुमला भावाकडे जायच्या आधी ते लेकीला भेटायला आले. मी त्यांना सगळं सांगितलं, बावन्नचे त्रेसष्ट कसे केले तेही, आणि माफी मागितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दॉक्तोरा, तुम्हारा घर में मेरा एक नाम है. काडीपैलवान. मतलब क्या?"

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून सांगितलं, काडी म्हणजे बारीक लकडी. पैलवान सांगायची गरज पडली नाही, तो शब्द त्यांना माहीत होता. व्याकरण शिकवताना करायचे तसा त्यांनी बोटांवर शब्द दोन तुकड्यांत फोडला.

"घर में काडी," ते म्हणाले, "क्लिनिक में पैलवान."

लेक रडवेली झाली. "सर, इट वॉज जस्ट अ जोक."

"येस, हबीबती. गुड जोक," ते म्हणाले, आणि नेहमीसारखा बिनदुधाचा चहा मागितला.