जात्याचा खुंटा

इथे सुरतेत सून घरघंटीत नागली दळायला घालते, तेव्हा मी त्या घरघंटीवर हात ठेवून बसते. ती हसते, "आई, मशीन आहे ते, पळून जात नाही!"

पिठाच्या वासाने मला पन्नास वर्षांपूर्वीची पेठ गावातली एक सकाळ आठवते. आईचा खांदा दुखायचा, म्हणून मी पाचवीतच शाळा सोडून तिच्यासमोर जात्याला बसले. एकाच खुंट्यावर दोघींचे हात.

"वढू नको, बाय. नुसता हात ठेव."

"माझ्यात लय जोर हाय!"

"दिसतोय ना," ती धापा टाकत म्हणाली.

जातं भराभर फिरत होतं. मला वाटलं, मीच फिरवतेय.

आई गेल्यावर पहिल्यांदा एकटीने खुंटा ओढला. जातं हललंच नाही.