डावीकडे हत्ती, उजवीकडे कोण?

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार माझ्या मोठ्या बहिणीचे, शेवंताचे आहेत, आणि त्यांची फेड मी तिच्या घराची भिंत बिघडवून केली. आम्ही तिला बाई म्हणतो. लोकांच्या बांधीत, म्हणजे भातशेतात, रोवणी करून तिनं मला शिकवलं. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी! आता गोंदियात गणित शिकवतो. (भिंतीचं जे झालं ते त्यामुळेच.)

बाईच्या मुलीचं, राणीचं लग्न ठरलं. आमच्याकडं लग्नघराची दर्शनी भिंत रंगवतात. दाराच्या दोन्ही बाजूंना हत्ती. एका हत्तीपुढं नवरीचं नाव, दुसऱ्यापुढं नवरदेवाचं. बाईच्या गावात, दवनीवाड्यात, त्यासाठी चांगला पेंटर आहे. पण बाई म्हणाली, "पेंटर कायले? पोरीचा मामा एवढा शिकला हाय. भिंत तोच रंगवते."

मी भारावलो. दोन्ही हत्ती तंतोतंत सारखे काढायचे ठरवलं आणि सुतळी, पट्टी, खडू घेऊन दवनीवाड्याला पोचलो. डावा हत्ती सुरेख झाला. त्याच्यापुढं राणीचं नाव लिहिलं. उजव्याचा पाय मात्र बोटभर जाड झाला. म्हणून डाव्याचा जाड केला. तो जास्तच झाला, म्हणून पुन्हा उजव्याचा. पाय जाड झाल्यावर पोटं खपाटीला गेल्यासारखी दिसू लागली. पोटं वाढवली!

भाऊजी खाटेवर बसून पाहत होते. "मास्तर, काय चारून राहिले हत्तीले?"

"भाऊजी, दोन्ही सारखे व्हायला हवेत."

"काऊन? जुळे हायेत का?"

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी मी सुतळी लावून मोजलं. केसाचाही फरक नव्हता! समाधानानं नवरदेवाचं नाव लिहायला वळलो, तर भिंत संपली होती. उजव्या हत्तीची सोंड थेट शेजाऱ्यांच्या कुंपणाला टेकली होती.

बाई बाहेर आली. तिनं राणीचं नाव वाचलं, मग नवरदेवाचं शोधलं. "काऊन रे, पोरीचं लगन हत्तीसंग लावून राहिला का?"

"बाई, दार थोडं सरकवता आलं असतं तर..."

"उद्या वरात येते. व्याह्यांपुढं माही इज्जत जाईन!" तिनं चुन्याच्या बादलीत कुंचा बुडवला आणि अख्खा उजवा हत्ती पुसला. "आता लहान काढ. अन् सुतळी दे इकडं."

"सुतळीशिवाय मला..."

"मंडपात पाहुणे येऊन राहिले. हात चालव!"

मी आधी नवरदेवाचं नाव लिहिलं आणि उरलेल्या जागेत डोळे जवळजवळ मिटून हात चालवला. जे झालं त्याला सोंड होती, एवढं मी शपथेवर सांगू शकतो.

दुसऱ्या दिवशी वरात आली. नवरदेवाचे काका भिंतीपुढं थांबले. बँड थांबला. "इकडं हत्ती. अन् हे कोन?"

बाईचा चेहरा उतरला. पण क्षणभरच. "तो बी पाहुणाच हाय," ती म्हणाली. "तुमच्यासंगच आला. आमी वळखत नाही."

काका पोट धरून हसले. मग सगळी वरातच हसली. उजवीकडे फोटो काढायला रांग लागली. डाव्या हत्तीपुढं (ज्याचा एकेक पाय मी मोजून काढला होता) लोकांनी चपला काढून ठेवल्या.

महिनाभरानं बाईचा फोन आला. शेजारच्या काकूंच्या मुलीचं लग्न आहे, त्यांना भिंतीवर तोच प्राणी हवा आहे. आधी नमुना काढून पाठव, म्हणाली. बाईला फोनवरचं चित्र पटत नाही, कागद हातात लागतो. म्हणून तिला पत्र पाठवलं:

"ती. बाईस नमस्कार. हल्ली शाळेतून आलो की रोज रंग घेऊन बसतो. सुतळी नाही, पट्टी नाही, खोडायचंही नाही. ज्याला मार्क नसतात असं आयुष्यात पहिल्यांदाच काही करतोय, आणि मजा येते. सोबत काही चित्रं पाठवतो. काकूंचा प्राणी मात्र पुन्हा जमत नाही. एकाची म्हैस झाली, एकाची एसटी. काल अगदी जीव ओतून वेडावाकडा काढायला बसलो, तर हुबेहूब हत्ती झाला! लाज वाटली. फाडून टाकला.

तुझा, दिलीप."