‘ते’

बुलढाण्याच्या कॉलेजात मी कविता शिकवतो. प्रतीकवादी कवींवर बोलताना दरवर्षी सांगतो, की त्यांनी वस्तूचं नाव घेणं टाळलं, ती नुसती सुचवली. त्यांच्याकडून शिकून पुढच्या काही चित्रकारांनी वस्तूच काढून टाकली, उरला फक्त रंग. पोरं हे वाक्य लिहून घेतात. मलाही ते आवडायचं.

मग गावी, देऊळघाटला, आईला कॅन्सर झाला. आमच्या घरात तो शब्द कुणीही तोंडातून काढला नाही. भेटायला येणारे दाराशीच भावाला हळू आवाजात विचारायचे, "ते हाय का?" तो म्हणायचा, "हाव, तेच हाय." एकदा आईनंच विचारलं, "मले ते तं नाही झालं ना रे?" भाऊ म्हणाला, "काहीच नाही झालं तुले." त्या दबक्या ‘ते’ची मला भयंकर चीड यायची. कवींनी नाव टाळलं ते कलेसाठी, आम्ही टाळतो ते निव्वळ भीतीपोटी, असं मी स्वतःशी म्हणायचो.

आई दिवसभर भिंतीला डोकं टेकून बसायची. ती गेल्यावर तिथं तिच्या डोक्याच्या तेलाचा काळपट डाग राहिला. त्याला ना चेहरा होता, ना धड आकार.

दिवाळीच्या आधी भाऊ चुन्याची बादली घेऊन आला. भिंतीकडे न बघताच म्हणाला, "ते झाकून टाकू का?"

मी म्हणालो, "हाव."

त्यानं चुन्याचे दोन हात दिले. भिंत वाळली, तसं ते पुन्हा वर आलं.