भाऊ असताना चंद्राला ओवाळलं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. तुम्हाला सांगतेय — पण मला ‘बिचारी’ म्हणायचं नाही.

दारू सोडवणाऱ्या एका केंद्राच्या मदतीसाठी मी दर वर्षी धावते. टी-शर्टवर नितीनचा फोटो असतो. नितीन माझा धाकटा भाऊ, सातपूरला कंपनीत होता, दारूनं गेला. नातेवाईक अजून ‘कावीळ झाली होती’ म्हणतात. धावून झालं की बोलायला माइक देतात. मी माइकवर दारू म्हणते — तेवढी धीट आहे मी! आणि मग त्याच माइकवर धडधडीत खोटं बोलते, की शेवटपर्यंत माझं दार त्याला उघडं होतं. लोक टाळ्या वाजवतात. मी त्या घेते.

उघडं होतं?

त्याची ती शेवटची भाऊबीज. नणंद लग्नानंतर पहिल्यांदाच नव्या जावयांना घेऊन आमच्या इंदिरानगरच्या घरी आली होती. दिवेलागणीला बेल वाजली. दाराच्या भिंगातून पाहिलं तर नितीन. बंद दाराआडून हळूच म्हणाला,

“ताई, आज घेतली नाहीये गं. हवं तर वास घेऊन बघ.”

मी काय केलं? टीव्हीचा आवाज वाढवला. चुकून वाजवली कुणीतरी, म्हटलं. तबक उचललं, गॅलरीत गेले आणि बीजेच्या कोरीला ओवाळलं. भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात — माहीत आहे ना? नवरा आणि नणंद आतच होते; मागोमाग गॅलरीत आलेल्या जावयांनी विचारलं, “वहिनींना भाऊ नाही का?” मी म्हटलं, “नाही.” तोवर नितीन खाली गेटपाशी पोचला होता. वर बघत होता. त्यानं सगळं पाहिलं.

सासरच्यांवर ढकलणार नाही. मला कुणी अडवलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, प्यायलेला असेल. नव्हता हो! इस्त्रीचा शर्ट, नीट पाडलेला भांग, पाय स्थिर. प्यायलेला असता तर दार उघडून चार शिव्या हासडल्या असत्या — ते मला सवयीचं होतं, पाहुण्यांनाही पटलं असतं. पण शुद्धीतल्या माणसाला पाटावर बसवावं लागतं. हा माझा भाऊ, असं चारचौघांत सांगावं लागतं. त्याचीच मला लाज वाटली.

रविवारी पुन्हा धावणार आहे. ढोंगी म्हणायचं तर म्हणा, मी थांबणार नाही. माइक हातात आला की या वेळी एवढंच बोलेन — नितीन न पिता आला होता, आणि मी दार उघडलं नाही.