पूर्ण सात मिनिटं

गॅसवर चालणाऱ्या वीजकेंद्रात तिचं टोपणनाव मास्तरीण. यंत्र सुरू करायच्या यादीतली एक पायरी कुणी गाळली, की ही बाई त्याला पुन्हा पहिलीपासून सुरुवात करायला लावी. वीस वर्षांत सवलत कुणालाच नाही, स्वतःलाही नाही.

केंद्र दिसायला तसं आळशीच. कोळशाची केंद्रं अखंड राबत आणि हे दिवसचे दिवस गप्प. धाकटा भाऊ त्यावरून चिडवी, तेव्हा ती फणकारे, "कोळशाच्या भट्ट्या तापायला तासन्‌तास लागतात. आमचं यंत्र अर्ध्या तासात जोर धरतं. नड पडली की सगळे आमच्याच दारात येतात."

एका दुपारी खरंच नड पडली. कोळशाची वीज शहरात आणणारी मुख्य वाहिनी कोसळली आणि सगळं शहर बंद झालं. घरी तिची आई ऑक्सिजनच्या यंत्रावर होती. त्याची बॅटरी जेमतेम तासभर टिकायची.

केंद्रातल्या डिझेल इंजिनाच्या बळावर तिने टर्बाइन फिरवलं, ठिणगी दिली. ज्योत धरलीच नाही. आता आत साचलेला गॅस सात मिनिटं हवा फिरवून बाहेर काढायचा, मगच दुसरी ठिणगी. यंत्र जुनं, किल्ली फिरवली की ही पायरी टाळता येई.

"फिरवा किल्ली," मागे उभे असलेले साहेब म्हणाले. "शहर खोळंबलंय."

"माझी आईही खोळंबली आहे, साहेब. पण आत गॅस आहे. यंत्र फुटलं तर आज कुणालाच वीज नाही."

तिने किल्ली काढून मुठीत धरली. तेवढ्यात भावाचा फोन आला. "ताई, वीसच मिनिटं उरलीत गं."

"मी इथेच बसलेय," ती म्हणाली आणि फोन ठेवला. आयुष्यात इतकी लांब सात मिनिटं तिने पाहिली नव्हती. साहेब येरझारा घालत राहिले.

दुसऱ्या ठिणगीला ज्योत धरली. यंत्राने वेग घेतला, आणि शहराचा एकेक भाग जोडला जाऊ लागला. आधी हॉस्पिटल, मग पाणीपुरवठा, मग त्यांची वस्ती.

भावाचा पुन्हा फोन आला. "आली वीज. चार मिनिटं उरली होती. मी रडकुंडीला आलो होतो, तर आई मलाच रागावली."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, गप बस. उशीर होतोय म्हणजे ती नीट करतेय."