भिंगरीचा माल

त्यांना सगळे भिंगरी म्हणत, कारण बसले तरी त्यांचा एक पाय हलतच असे. दातांच्या दवाखान्यांना ते प्लास्टिकचे ग्लास, लाळ ओढायच्या नळ्या, खुर्चीवर चढवायची आवरणं असा एकदा वापरून फेकायचा माल पुरवत. त्याच धंद्यावर मुलगी शिकली, दातांची डॉक्टर झाली आणि तिने दोन खोल्यांत दवाखाना थाटला. भिंगरी पहिलं खोकं स्वतः खांद्यावर घेऊन गेले.

"बाबा, ग्लास नकोत. स्टीलचे आणलेत. नळ्याही स्टीलच्या. वाफेच्या मशीनमध्ये निर्जंतुक होतात."

"आणि आवरणं?"

"खुर्ची पुसून घेते. हातमोजे आणि सुया तेवढ्या द्या, त्यांना पर्याय नाही."

खोकं घरी परत आलं. जेवताना भिंगरी ताटावरून दोनदा उठले. "सगळं गाव माझ्याकडून घेतं, आणि पोटची पोर नको म्हणते."

"आधी जेवा, मग रुसा," बायको म्हणाली.

घरात जीव रमेना म्हणून ते रोज दवाखान्यात जाऊन बसू लागले. एकदा एक शिंपी, दाढ अर्धी कोरून झालेली असताना, स्टीलचा ग्लास पाहून खुर्चीतून उठला. "किती जणांनी याला तोंड लावलंय कोण जाणे," असं पुटपुटत जिना उतरू लागला. भिंगरी मागे धावले, पिशवीतला प्लास्टिकचा ग्लास त्याच्या हातात दिला आणि त्याला वर घेऊन आले. मुलीने दाढ भरून दिली. शिंपी गेल्यावर मात्र म्हणाली, "उद्यापासून इथे बसू नका, बाबा."

ते त्यांच्या फार मनाला लागलं. दुसऱ्या दिवशी एका जुन्या गिऱ्हाईकाकडे माल टाकायला गेले, तर पुढे गर्दी; म्हणून मागच्या दाराने शिरले. तिथे कचऱ्याचं पिंप भरून वाहत होतं. सगळे त्यांचेच ग्लास, एकेका चुळीपुरते वापरलेले. इतकी वर्षं माल दिला, पण तो पुढे कुठे जातो हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

तिथून ते तडक मुलीकडे गेले. "तुझं मशीन आतल्या खोलीत लपलंय. माणसाला दिसल्याशिवाय पटत नाही. ते बाहेर मांड, आणि ग्लास पेशंटच्या डोळ्यांदेखत त्यातून काढ."

संध्याकाळी दोघांनी मिळून मशीन बाहेर आणलं.

तरी काही जण तोंड वाकडं करतातच; त्यांच्यासाठी ती कागदी ग्लास ठेवते. भिंगरी इतर दवाखान्यांना अजून तोच माल विकतात, आणि विकता विकता "स्टीलचे घेऊन बघता का?" असंही विचारतात.

"काका, धंदा गुंडाळताय की काय?" एका डॉक्टरने हसत विचारलं.

"तसं नाही हो," एवढंच म्हणून त्यांनी खोकं खाली ठेवलं. हल्ली दुपारी आडवं झालं तरी त्यांचा डोळा लागत नाही; डोळे मिटले की ते भरून वाहणारं पिंप दिसतं.